पगार चालू आहे तोवर इंजिन

मंडळी, निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली की मॉडेल रेल्वेची हौस असलेला माणूस बहुतेक वेळा आधी प्लायवूडचा भाव काढतो. तिथेच क्रम चुकतो. प्लाय, तार, गोंद, रंग हे पेन्शनीतून महिन्याला थोडं थोडं घेता येतं. इंजिन, कंट्रोलर आणि पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) मात्र बहुधा बाहेरदेशातून येतात, वर कस्टम ड्युटी लागते आणि पैसे एकरकमी जातात. त्यामुळे पगार चालू आहे तोवर ही खरेदी उरकावी आणि सुतारकाम निवृत्तीनंतर काढावं. पण इंजिन घ्यायचं तर स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या किती पट लहान ते प्रमाण, आधी ठरायला हवी.

सगळीकडे जास्त चालते ती एचओ, म्हणजे १:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलीमीटर. साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना तिचा कपलिंगचा, म्हणजे डबे जोडणारा, हूक भिंगातूनच दिसतो आणि डबा रुळावर बसवताना बोटं अडखळतात. म्हणून मोठी स्केल. मात्र हिशोब करून घ्या. १:८७ वरून १:४३.५ वर गेलात की लांबी दुप्पट, जागा चौपट आणि घनफळ आठपट होतं. दहा बाय बाराच्या खोलीत त्या स्केलची लांब एक्स्प्रेस आणली, तर इंजिन एका भिंतीला आणि शेवटचा डबा दुसऱ्या भिंतीला, अशी गत होते.

यावर तोड एकच: स्केल मोठी घ्या, पण रेल्वे छोटी निवडा. आणि आपल्या मराठवाड्याच्या वाट्याला नेमक्या छोट्याच रेल्वे आल्या होत्या.

पहिली मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, पूर्णा, नांदेड करत हैदराबादच्या काचीगुड्याकडे जाणारी निजामाच्या काळातली लाइन. नव्वदच्या दशकापासून ती टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. आता आकडा बघा. बागेत चालणाऱ्या जी स्केलचं प्रमाण १:२२.५ आणि रूळ ४५ मिलीमीटर. गुणाकार १०१२ मिलीमीटर येतो, म्हणजे मीटर गेजच. ही स्केल मुळात युरोपातल्या मीटर गेज गाड्यांसाठीच निघाली, त्यामुळे आपल्याला ओढाताण करावी लागत नाही.

दुसरी बार्शी लाइट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने उभी केलेली अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलीमीटरची लाइन. १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. ७६२ ला ४८ ने भागा, १५.९ येतात. एचओचा रूळ १६.५. म्हणजे १:४८ चे डबे एचओच्याच स्वस्त, सहज मिळणाऱ्या रुळावर चालतात. या जोडीला ‘ऑन-थर्टी’ म्हणतात. एचओच्या एखाद्या छोट्या शंटिंग इंजिनाची चेसिस घ्यायची आणि तिच्यावर १:४८ ची बॉडी प्लास्टिक शीटमधून बांधायची. मोटर, गिअर, चाकं आयती मिळतात, आणि हाताला लागणारी प्रत्येक वस्तू एचओच्या जवळजवळ दुप्पट मोठी असते. खोलीतच करायचं असेल तर माझं मत सरळ याच बाजूला आहे.

ब्रॉडगेजचा हट्ट असेल तर एवढं लक्षात ठेवा: १६७६ मिलीमीटरचं १:४८ ला ३४.९ होतं आणि बाजारात या स्केलसाठी मिळणारा रूळ, म्हणजे ओ गेज, ३२ चा. गाडी अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते.

खोलीचा आराखडा. दहा बाय बाराच्या खोलीत तीन भिंतींना धरून यू आकार. ऑन-थर्टीला वळणाची त्रिज्या किमान ४५७ मिलीमीटर ठेवा. म्हणजे वळसा ९१ सेंटिमीटरचा, कडा धरून साडेतीन फूट. यूच्या दोन्ही टोकांना गाडी फिरून परत यायला दोन वळसे, मधे तीन फुटांची वाट, दहा फूट भरले. वळशाच्या टोकाशी भिंतीपासून दीड फूट जागा सोडा, कारण हात अडीच फुटांपलीकडे नीट पोचत नाही आणि गाडी घसरते ती नेमकी तिसऱ्या फुटावर. बाकी फळी दोन फूट रुंद पुरे. उंची ४० ते ४२ इंच, म्हणजे स्टुलावर बसूनही काम होतं. टेबलाखालून वाकून आत शिरायचा आराखडा नकाशावर छान दिसतो. सत्तरीत तो कंबरेला कळतो.

रूळ दोन्ही वळसे, जोडणारी लाइन आणि एक साइडिंग (गाडी बाजूला उभी करायची लाइन) धरून पंधरा मीटर. ९१ सेंटिमीटरच्या फ्लेक्स ट्रॅकच्या (हाताने वाकवता येणाऱ्या रुळाच्या) कांड्या अठरा घ्या, कापण्यात एक-दीड कांडी वाया जाते.

इथे एक खोच आहे. एकेरी लाइन वळसा घेऊन परत स्वतःलाच मिळाली की डावा रूळ उजव्याला भिडतो आणि थेट शॉर्ट होतो. वळशातला एक तुकडा दोन्ही रूळ दोन्ही टोकांना कापून वेगळा करावा लागतो. तो तुकडा गाडीपेक्षा लांब हवा आणि त्याची पोलॅरिटी (प्लस-मायनस) उलटवायला डीपीडीटी स्विच, म्हणजे दोन्ही तारा एकदम अदलाबदल करणारं बटण, किंवा तेच काम आपोआप करणारा ऑटो-रिव्हर्सर हवा. दुसरी चूक एस आकाराच्या वळणाची. डावं वळण संपतं तिथेच उजवं सुरू केलं की जोडलेले दोन डबे एकमेकांना बाहेर ढकलतात. मधे निदान एका डब्याएवढा सरळ रूळ हवाच. चढ मीटरला दोन सेंटिमीटर, त्याहून जास्त नको. एका लाइनवरून दुसरी न्यायची तर दहा सेंटिमीटर उंची लागते, म्हणजे पाच मीटर चढ. या खोलीत तो मोह सोडलेला बरा.

सांगाडा लाकडाऐवजी एक इंची लोखंडी चौकोनी पाइपचा करा, कोणताही फॅब्रिकेटर करून देईल. वाळवीला लाकडी पाय म्हणजे जिना. वर १२ मिलीमीटरचा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणारा) प्लाय, दर सोळा इंचांवर आडवा आधार. प्लायला खालून आणि कडांनाही रंग द्या. वरून एकाच बाजूला दिला तर पावसाळ्यात उघडी बाजू दमट हवा पिते आणि फळी वाकते.

वीज. टेबलाखालून २.५ चौरस मिलीमीटरची मुख्य तार फिरवा आणि दर दीड-दोन मीटरवर बारीक तार वर रुळाला जोडा. रुळाच्या जोडपट्टीवर भिस्त ठेवू नका, ती वर्षभरात ढिली पडते. तारेत कंजुषी केली तर काय होतं? दहा मीटर अंतर, जाऊन-येऊन वीस, तीन अँपिअर भार: २.५ च्या तारेत साधारण ०.४ व्होल्ट पडतात, ०.५ च्या तारेत दोन. बारा व्होल्टमधले दोन गेले की लांबच्या टोकाला गाडी रांगते.

गच्चीवर जी स्केल घालणाऱ्यांसाठी वेगळं. छोटं चार चाकी इंजिन ६०० मिलीमीटर त्रिज्येवर फिरतं, पण वायपीसारखं (मीटर गेजचं वाफेचं) लांब इंजिन ११९५ खाली नेऊ नका. स्लॅबला किंवा कठड्याला एकही भोक पाडायचं नाही, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या छताला ओल येते. ब्लॉकवर किंवा लोखंडी घोड्यांवर दोन-अडीच फूट उंचीवर रूळ न्या.

पितळ दर अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०१९ मिलीमीटर वाढतं. डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत आपल्याकडे रुळाच्या तापमानात पन्नास अंशांचा फरक धरा. तीस मीटरच्या फेरीला जवळपास तीन सेंटिमीटर! दीड मीटरच्या कांडीला १.४ मिलीमीटर. थंडीत घालाल तर प्रत्येक सांध्यात दीड मिलीमीटर फट, उन्हाळ्यात घालाल तर अर्धा. आणि स्क्रूने आवळू नका, रूळ खडीत मोकळा बसू द्या, नाहीतर मेमध्ये तो सापासारखा वळतो. सोल्डरिंगही टाळा. साडेआठ मिलीमीटर उंच पितळ २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकतं, टाका काही धरत नाही आणि प्लास्टिकचे स्लीपर वितळतात. स्क्रूचे क्लॅम्प वापरा.

धूळ, काळं पडणारं पितळ, कुंड्यांना घातलेल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे थर, यांमुळे गच्चीवर रुळातून करंट देणं म्हणजे रोज रूळ घासणं. बॅटरी आणि रेडिओ कंट्रोल घ्या: चार लिथियम सेल, १४.८ व्होल्ट, सोबत बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट. लाइट गेली तरी गाडी चालते. खेळ संपला की इंजिन घरात आणा, तापलेल्या डब्यात लिथियम ठेवायचं नाही.

खडी विकत घेऊ नका. क्रशरवरची काळी कच चाळून घ्या, जी स्केलला दोन मिलीमीटर, १:४८ ला एक. खोलीतल्या लाइनला पांढरा गोंद एक भाग, पाणी दोन भाग, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसेल तर पाण्याचा गोळा खडीवर तसाच बसून राहतो. मात्र त्याआधी कचीवरून कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. ते बारीक काळे कण मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात, आणि मग माणूस नवं इंजिन घरघर का करतंय म्हणून गिअर खोलत बसतो. तीन-चार वेळा फिरवा. कागदाला काही लागेनासं झालं की मगच गोंद कालवा.