सव्वा गुंठ्याचं अपील

(ड्रोन: उन्हाळ्यातली काळी वावरं)

इतक्या उंचीवरून भांडण दिसत नाही. दोन वावरं आणि मधून गेलेला धुरा, म्हणजे बांध. त्यावर बाभळी, बोरी, वाळकं गवत.

(कॅमेरा धुऱ्यावर)

आता खाली पाहा. एका अंगाने धुरा गवताने भरलेला आहे, दुसऱ्या अंगाने तासलेला. वखरणीच्या वेळी बैल हातभर आत घेतले की वखराचं एक तास शेजाऱ्याच्या हद्दीत जातं. पुढच्या साली आणखी एक. गावात याला धुरा कोरणं म्हणतात आणि कोरणारा कधीच कबूल होत नाही. दोन फूट रुंद आणि 200 मीटर लांब पट्टी धरली, तर ती सव्वा गुंठ्याच्याही आत भरते. एकरी 5 क्विंटल कापूस पिकला, तर एवढ्या पट्टीत येईल साधारण 15 किलो.

अशाच एका पट्टीवरून यवतमाळ जिल्ह्यात एक शेतकरी जिवानिशी गेला आणि त्याचा शेजारी जन्मठेपेवर. गावाचं नाव आम्ही घेत नाही. त्या वावरात आम्हाला कॅमेरा नेऊ दिला नाही. तुम्ही पाहताय तो धुरा शेजारच्या गावातला आहे.

(साखळी, कापडावर चिकटवलेला जुना नकाशा)

ही साखळी नीट पाहून घ्या. वऱ्हाडाची मोजणी इंग्रजांनी मुंबई इलाख्याच्या पद्धतीने केली. साखळी 33 फुटांची, तिचे आणे 16. 33 फूट लांब, 33 फूट रुंद तो गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. या हिशेबात एक आणा दोन फुटांहून किंचित मोठा येतो. हायकोर्टापर्यंत गेलेलं भांडण साखळीच्या एका आण्याचं होतं.

नकाशावर रेघ आहे, मग वाद कशाचा? रेघ आजोबांच्या काळातली. त्यानंतर बापाने दोरी धरून पोरांना हिस्से पाडून दिले, तेही तोंडी. सातबाऱ्यावर नाव येतं, क्षेत्र येतं. हद्द सातबाऱ्यावर नसते, आणि हे अनेकांना पहिल्यांदा कळतं ते भांडण झाल्यावर. हद्द हवी असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज करायचा, फी भरायची, लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. मग भूकरमापक येतो.

(रोव्हर घेऊन चालणारा भूकरमापक)

आता साखळी जाऊन हा रोव्हर आला आहे. उपग्रहांचे सिग्नल घेतो आणि उभ्या जागेचा बिंदू सांगतो. काठी टेकवायची, थांबायचं, पुढे सरकायचं. खुणा रोवल्या जातात, नंतर कार्यालयातून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा मिळतो. यंत्राचं काम काही तासांचं. वेळ जातो तो तारखांमध्ये. पीक उभं असलं की मोजणी पुढे, चिखल असला की पुढे, आणि कोणी रोव्हरसमोर आडवा झाला तर बंदोबस्त मिळेपर्यंत थांबा.

मयताने मोजणीचा अर्ज केला होता. तारीख आली तेव्हा वावरात तूर उभी होती. पुढच्या तारखेआधीच मृग आला. वखरणीच्या घाईत एका सकाळी धुऱ्यावर बाचाबाची झाली आणि बंडीची, म्हणजे बैलगाडीची उभारी डोक्यात बसली. दवाखाना गाठेपर्यंत तो गेला होता.

मापं मात्र त्यानंतर लगेच झाली. खुनाच्या तपासात घटनास्थळाचा नकाशा काढावा लागतो. बाभूळ इथे, बंडी तिथे, रक्त अमुक अंतरावर. जिवंतपणी मागितलेली मोजणी मिळाली नाही. हा नकाशा मागावा लागला नाही.

(बंडी, शेतकरी उभारी उपसतो)

ही उभारी. कुटार, पऱ्हाट्या भरताना माल घसरू नये म्हणून बंडीच्या कडेला उभी खोचतात. हिसका दिला की हातात येते. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलं आहे, कारण अपील याच हिसक्यावर टेकलं होतं.

(नागपूर, सिव्हिल लाइन्स: हायकोर्टाची इमारत)

वालुकाश्मातली ही इमारत हेन्री मेड यांनी आखली, 1940 मध्ये ती खुली झाली. सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली की 60 दिवसांत इथे अपील करता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा उपसमिती देते. दोन न्यायमूर्तींचं खंडपीठ ऐकतं. साक्षीदार सहसा पुन्हा उभे राहत नाहीत. पंचनामे, शवविच्छेदन, उलटतपासणी, सगळं पेपरबुकात बांधून येतं आणि वाद त्या कागदांवर होतो. आत कॅमेरा चालत नाही, म्हणून आम्ही पायऱ्यांवरच आहोत.

घटना 1 जुलै 2024 च्या आधीची, त्यामुळे भारतीय दंड संहितेचं खुनाचं कलम 302. आज ते भारतीय न्याय संहितेचं 103 झालं असतं. सरकारी बाजूचा आधार सुप्रीम कोर्टाचा 1958 चा विरसा सिंग निकाल: घाव मुद्दाम घातला आणि जखम जीव घेण्याइतकी होती, तर तो खून. डोक्यातला घाव म्हणजे झालंच. बचावाने बोट ठेवलं कलम 300 च्या चौथ्या अपवादावर. आधी बेत नाही, अचानक भांडण, रागाच्या भरात कृत्य, आणि गैरफायदा किंवा क्रौर्य नाही. चारही गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात, तेव्हा तो खून ठरत नाही. पहिला हात कोणी उगारला याला त्या अपवादात महत्त्व नाही.

मग प्रश्न उरला, उभारी आली कुठून? घरून कुऱ्हाड आणली असती तर बेत दिसला असता. पंचनाम्यात बंडी धुऱ्यालगत होती, तिची एक उभारी कमी होती. घाव एकच. त्या एका नोंदीने 302 चं 304 भाग एक, म्हणजे खून नसलेला सदोष मनुष्यवध झालं आणि जन्मठेपेची 10 वर्षं. तुरुंगात काढलेला काळ त्यातून वजा.

(मयताचं घर, दारातून. इथे निवेदन नको.)

(पुन्हा मोजणी कार्यालय, अर्जांचे गठ्ठे)

मयताच्या मुलाने हद्दकायम मोजणीचा नवा अर्ज टाकला आहे. फी भरून झाली आहे. लगतच्या खातेदारांच्या रकान्यात तेच नाव आहे.