आधी खटका ऐका

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारी सकाळी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते. प्लॅस्टिकच्या कागदावर गंजके पाने, नळाच्या तोट्या आणि काच नसलेले चष्मे पसरलेले. त्यातच लाल मुठीचा, बोटभर लांबीचा एक चाकू. घड्या घालून मिटलेला. मी उकिडवी बसून तो उचलला, तसा मालक म्हणाला, "मावशी, भाजीच्या सुऱ्या पलीकडं आहेत."

"मला राजगडावर न्यायला हवाय," म्हटलं, तर भाव लगेच तीनशे झाला. गडाचं नाव काढायला नको होतं.

या बहुपाती चाकूचं घराणं स्विस सैन्याचं. 1890 च्या सुमारास तिथल्या सैनिकांना नवी रायफल मिळाली आणि ती उघडायला पेचकस लागायचा. मग पेचकस, पातं, अन्नाचा डबा फोडायचं हत्यार आणि भोक पाडायची आरी, अशी चौकडी एका मुठीत बसवली गेली. पहिले चाकू जर्मनीतून आले. 1891 पासून कार्ल एल्सनर या स्विस कारागिरानं ते पुरवायला सुरुवात केली. त्याची खरी करामत 1897 ची. त्यानं एकेका स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना हत्यारं बसवली, म्हणजे स्प्रिंगा दोन आणि हत्यारं सहा! बाटलीचं बूच काढायचं मळसूत्रही तेव्हाच आलं. आपल्याकडे ते बहुधा सुतळीची गाठ सोडवायला उपयोगी पडतं, आणि झकास पडतं.

ही स्प्रिंगेची गोष्ट एवढ्यासाठी सांगितली, की जुना चाकू घेताना पहिली परीक्षा तिचीच. एकेक पातं उघडा, मिटवा. कानाला 'खट्ट' ऐकू आलं पाहिजे. पातं सुस्तपणे लोळत बाहेर आलं, तर तो चाकू खाली ठेवा. स्प्रिंग थकली असेल तर तिच्यावरची सगळीच हत्यारं थकली. आता पातं पूर्ण उघडून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हाललं तर चालेल, पण डुगडुगलं तर रिबिटी झिजल्यात असं समजा. मग सगळं मिटवून चाकू उजेडात धरा. पात्याचं टोक मुठीत पूर्ण लपलंय ना? टोक बाहेर डोकावत असेल तर खिसा फाटेल, बोटही कापेल.

मुख्य पातं किती उरलंय तेही बघा. फिरत्या चाकावर धार लावून लावून काहींचं पातं निम्मं झालेलं असतं, आणि ते काही परत येत नाही. बाकीच्या दोषांना मात्र घाबरू नका. मुठीवरचे ओरखडे, फटीतला खिशातला कापूस, तंबाखूची भुकटी, हरवलेला चिमटा किंवा दातकोरणं, यातलं काहीही पाहून मी चाकू टाकून देत नाही. उलट असल्या गोष्टी बोलून दाखवल्या की भाव उतरतो. व्हिक्टोरिनॉक्स ही त्या एल्सनरचीच कंपनी. तिच्या अस्सल चाकूच्या मुख्य पात्याच्या बुडाशी नाव कोरलेलं असतं. नुसता मुठीवरचा स्विस क्रॉस बघून भुलू नका, तो कुणीही छापतं.

आमची घासाघीस दीडशेवर थांबली. वर मालकानं विचारलं, "पिशवी देऊ का मावशी?" चाकू खिशात घालायचा असतो हे त्याला सांगितलं नाही.

घरी आल्यावर कोमट साबणपाण्यात सगळी हत्यारं पन्नासेक वेळा उघडमीट केली. पाणी चहासारखं झालं. नीट वाळवून सांध्यांत शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडला, आणि पात्यावर आलेलं पुसून काढलं. फळ कापायचं असतं ना! खोबरेल तेल वापरू नका. आमच्याकडे एकदा हा प्रयोग झालाय. डिसेंबरात सिंहगडावर पहाटे तेल गोठलं आणि पेरू दातांनीच फोडावे लागले. धारेसाठी मी दगड वापरते. तो नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडही चालते, फक्त हात सावकाश चालवा.

आणि हो, विमानानं जाणार असाल तर चाकू हातातल्या बॅगेत ठेवू नका. सामानात जाणाऱ्या बॅगेत टाका, नाहीतर लोहगाव विमानतळावरच त्याचा निरोप घ्यावा लागेल.

माझ्या चाकूत चिमट्याची खाच अजून रिकामी आहे. बुधवारी पुन्हा बाजार भरतो, तेव्हा त्याच कागदासमोर जाऊन बसेन म्हणते. या वेळी राजगडाचा विषय काढणार नाही.

नमस्कार.