वेग किती, दाब किती

(दृश्य: देवळालीचा माळ, दुरून तोफांचा सराव.)

तोफेच्या नळीत जे घडते, तेच रायफलच्या काडतुसात लहान प्रमाणात आणि एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकते. अमेरिकेसारख्या देशांत अनेक नेमबाज वापरलेल्या पुंगळ्यांत नवी दारू, नवा प्रायमर (पुंगळीच्या बुडातील, दारू पेटवणारी टोपी) आणि नवी गोळी बसवून आपली काडतुसे स्वतः तयार करतात. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 5 नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. म्हणूनच या चित्रफितीत काडतूस भरतानाचे एकही दृश्य नाही. जे आहे ते फळ्यावर आणि भिंगाखाली आहे.

(दृश्य: गंगापूर रोडवरील घर, निवृत्त तोफखाना प्रशिक्षक फळ्यावर आलेख काढत आहेत.)

आडव्या अक्षावर गोळीने नळीत कापलेले अंतर आहे आणि उभ्या अक्षावर वायूचा दाब. रेघ एकदम चढते, गोळी जेमतेम काही सेंटिमीटर सरकते तोच शिखर गाठते, आणि पुढे नळीच्या तोंडापर्यंत उतरत जाते. सरांनी शिखरावर लाल खडूने फुली मारली आणि रेघेखालचा भाग पांढऱ्या खडूने भरला. गोळीला मिळणारी ऊर्जा या पांढऱ्या क्षेत्रफळावर ठरते. पुंगळी, चेंबर (काडतूस बसते ती जागा) आणि बोल्ट (ती जागा मागून बंद करणारा सरकता दांडा) यांना मात्र ती लाल फुली सोसावी लागते. वेग आणि दाब यांचा सारा हिशेब या दोन खडूंमध्ये आहे, आणि आमच्या मते तो महाविद्यालयीन भौतिकशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवण्याजोगा आहे.

दारू वाढवली की क्षेत्रफळही वाढते आणि शिखरही, पण दोन्ही सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. 1884 मध्ये निर्धूर दारू तयार करणारे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएल यांनी दारूचा जळण्याचा वेग सभोवतालच्या दाबाबरोबर वाढतो, हे नियमाच्या रूपात मांडले. दाबाने ज्वलन वाढते आणि वाढलेले ज्वलन पुन्हा दाब वाढवते, त्यामुळे कमाल मर्यादेजवळ घातलेली थोडीशी जादा दारू वेगात अल्प आणि दाबात मोठी भर घालते. .308 विंचेस्टर या काडतुसाची अमेरिकी दाबमर्यादा दर चौरस इंचाला 62,000 पौंड आहे. मोटारीच्या चाकात आपण साधारण 32 पौंड हवा भरतो. सेकंदाला 800 मीटरचा वेग 840 वर न्यायचा, तर ऊर्जा सुमारे दहा टक्क्यांनी वाढवावी लागते. एवढ्या खटाटोपातून 300 मीटरवर जो लाभ होतो, तो रायफलवरील दुर्बिणीचा नेम जुळवणाऱ्या मोजक्या टिचक्यांनी फुकट मिळतो. अधिक वेग खरोखरच हवा असेल, तर मंद जळणारी दारू किंवा लांब नळी निवडावी, म्हणजे शिखर न वाढवता क्षेत्रफळ वाढते.

(दृश्य: भिंगाखाली पितळी पुंगळ्यांचे बूड.)

डावीकडच्या पुंगळीच्या प्रायमरची कड अजून गोल आहे. उजवीकडचा प्रायमर चपटा होऊन आपल्या खोबणीत पसरला आहे, आणि बुडावर इजेक्टरची (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीची) चकचकीत खूण उमटली आहे. पुष्कळ नेमबाज अशा खुणांच्या भरवशावर दारू वाढवत जातात. पण प्रायमरचे पितळ मऊ असेल तर तो सुरक्षित दाबातही चपटा होतो, आणि बोल्ट जड जाऊ लागतो तेव्हा मर्यादा बहुधा केव्हाच ओलांडलेली असते. पुंगळी फाटली तर तप्त वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येतो.

(दृश्य: नेमबाजी केंद्र, क्रोनोग्राफच्या पडद्यावर बदलणारे आकडे.)

घरगुती नेमबाजाकडे दाब मोजण्याचे साधन सहसा नसते, पण वेग मोजण्याचे असते, आणि वेग हा दाबाचा बराच प्रामाणिक साक्षीदार आहे. तीच दारू, तीच गोळी आणि तेवढीच नळी असताना पुस्तकातल्या कमाल आकड्यापेक्षा अधिक वेग दिसला, तर तो रायफलचा गुण समजू नये. दाब वाढल्याखेरीज असा वेग येत नाही. गोळी खोल बसली, जाड भिंतीची लष्करी पुंगळी वापरली किंवा गोळी नळीतील आट्यांना (तिला फिरकी देणाऱ्या चरांना) टेकली, तरी दारू तेवढीच असून शिखर उंचावू शकते.

(दृश्य: निफाडच्या द्राक्षबागेतील शेकोट्या, मग उन्हात ठेवलेला तापमापक.)

निफाडला थंडीत पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो आणि मे महिन्यात जिल्ह्यात तो 40 ला टेकतो. दारू जितकी गरम, तितकी ती जलद जळते. कॉर्डाइट या जुन्या निर्धूर दारूच्या काळात उष्ण देशांतील शिकारीसाठी बनवलेल्या इंग्रजी नायट्रो एक्स्प्रेस रायफलींची काडतुसे मुद्दाम कमी दाबाची ठेवली जात, त्यामागे हेच कारण होते. हिवाळ्यात मर्यादेला टेकवून ठरवलेला दारूचा भार उन्हाळ्यात मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

म्हणूनच भरणीच्या पुस्तकांत प्रत्येक दारूपुढे दोन आकडे छापलेले असतात: सुरुवातीचा भार आणि कमाल भार. सुरुवात खालच्या आकड्यापासून होते आणि वाढ अगदी लहान टप्प्यांनी, प्रत्येक टप्प्यावर वेग नोंदवून. दारूची खेप, प्रायमर, पुंगळी किंवा गोळी यांपैकी काहीही बदलले, की आधीच्या नोंदी बाजूला ठेवून पुन्हा खालच्या आकड्यावर यावे लागते.