प्रियसच्या डिकीत पाच युनिट

पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली हायब्रिड गाडी म्हणजे रात्री चार्जिंगला लावायची गाडी, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. अमेरिकेत २००४ चं मॉडेल म्हणून टोयोटाची जी प्रियस आली तिची हायब्रिड बॅटरी जेमतेम १.३ युनिटची, युनिट म्हणजे आपल्या लाइटबिलातलंच, आणि गाडी तेवढीही पूर्ण वापरत नाही, साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवते म्हणजे बॅटरी टिकते. चार्ज होणार ती ब्रेक मारताना नाहीतर इंजिनवर, म्हणजे शेवटी सगळी वीज पेट्रोलचीच.

आता गंमत बघा, जपान आणि युरोपच्या प्रियसमधे ईव्ही नावाचं बटण होतं, दाबलं की थोडं अंतर नुसत्या बॅटरीवर, आणि अमेरिकेतल्या गाडीत ते बटणच दिलं नाही! गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र ते कळत होतं. हौशी लोकांनी बरोबर पिन हुडकून काढली, वायर ओढली, स्वतःचं बटण बसवलं. मग डोक्यात किडा वळवळायला लागला की मोठीच बॅटरी का नाही टाकायची? २००४ मधेच कॅलिफोर्नियात कॅलकार्स नावाच्या ग्रुपनी, फेलिक्स क्रेमर आणि रॉन ग्रेमबन वगैरे मंडळींनी, डिकीत चक्क लेड-ॲसिड बॅटऱ्या भरून प्लगवर चार्ज होणारी प्रियस करून दाखवली.

पण बॅटरी टाकणं हे त्यातलं सोपं काम. खरी करामत गाडीला गंडवण्यात आहे. कॅन बसवर, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर ज्या तारांवरून एकमेकांशी बोलतात तिथे, बॅटरीचा कॉम्प्युटर हायब्रिडच्या कॉम्प्युटरला सारखा सांगत असतो की एवढे टक्के शिल्लक आहेत; बाहेरून बसवलेलं किट, म्हणजे जादा बॅटरी आणि तिचं सर्किट, या बोलण्याच्या मधे शिरतं आणि म्हणतं, भरपूर आहे रे, वापर. गाडी बिचारी विश्वास ठेवते आणि इंजिनाऐवजी मोटरवर जास्त भार टाकते. हायमोशन कंपनीचं एल-५ किट असंच, ५ युनिटची लिथियम बॅटरी, स्टेपनीच्या खड्ड्याच्या जागेत बसणारी, वजन साधारण ८५ किलो, म्हणजे मागे कायमचा एक धष्टपुष्ट पाहुणा. बसवताना आधी डिकीतला नारिंगी सर्व्हिस प्लग उपटायचा आणि निदान पाच मिनिटं हात लावायचा नाही, कपॅसिटरमधे उरलेलं व्होल्टेज उतरेपर्यंत. दोनशे व्होल्ट डीसी आहे, मस्करी नाही.

आणि एवढं करूनही इंजिन बंद राहतं का? नाही! ताशी ५५ किलोमीटरच्या पुढे गेलात, ॲक्सिलरेटर जोरात दाबलात, थंडीत हीटर लावलात, की ते सुरू होणारच, कारण गिअरबॉक्स आणि मोटर मूळच्याच आहेत ना. हायवेला मग वीज आणि पेट्रोल मिक्स चालतं. कॅलिफोर्नियाच्या एअर बोर्डाला, म्हणजे तिथल्या हवा प्रदूषण बघणाऱ्या सरकारी मंडळाला, वेगळीच काळजी होती. इंजिन कमी चाललं की टाकीची वाफ धरणारा कॅनिस्टर रिकामा होत नाही, आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर थंड असताना इंजिन अचानक सुरू झालं तर धूर उलट जास्त. मला हा मुद्दा रास्त वाटतो, तेव्हा हौशी लोक मात्र जाम चिडले होते. २००८ मधे साउथ कॅरोलायनात अशी एक कन्व्हर्ट केलेली प्रियस चालता चालता पेटली, तपासात कारण निघालं बॅटरी पॅकमधले नीट न बसवलेले बोल्टचे जोड. सेल चांगले, पान्याचं काम कच्चं.

पैशाचं तर विचारूच नका. किट साधारण १०,००० डॉलर. प्रियस वर्षाला १२,००० मैल चालवली, गॅलनला ४५ मैल धरले, तर पेट्रोल लागतं २६७ गॅलन, म्हणजे २००८ च्या चार डॉलर भावाने वर्षाला १,०७० डॉलर. आख्खं पेट्रोल फुकट मिळालं तरी नऊ-दहा वर्षं गेली, आणि आख्खं काही मिळत नाही. २००९ पासून २०११ अखेरपर्यंत सरकारनी खर्चाच्या १० टक्के टॅक्स क्रेडिट दिलं, तरी हिशोब जुळत नाही. मग २०१० च्या शेवटी शेव्ही व्होल्ट ही कारखान्यातूनच प्लगसकट येणारी गाडी आली, २०१२ मधे टोयोटानी स्वतःच प्लग-इन प्रियस विकायला काढली, आणि हायमोशन विकत घेतलेली ए-१२३ ही बॅटरी कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली.

आपल्या पुण्यात २०१० मधे केपीआयटी या सॉफ्टवेअर कंपनीनी भारत फोर्जबरोबर रेव्होलो जाहीर केलं होतं, ते साध्या गाडीला प्लग-इन हायब्रिड करायचं किट. तेव्हा केवढी चर्चा झाली होती, पण गल्लीतल्या गॅरेजपर्यंत काही ते पोचलं नाही.

आता कुणी विचारेल, माझ्या हायरायडरला, टोयोटाच्या हायब्रिडला, असं काही करू का? नका करू. कंपनी हायब्रिड बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी देते, ती अशा उद्योगात घालवायची, वर आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला समजावत बसायचं, कशाला? जुनी, वॉरंटी संपलेली गाडी असेल, हाताशी हाय व्होल्टेजचं काम येणारा माणूस असेल आणि गाडी आपल्याच आवारात फिरवायची असेल, तर मग बोलू, चहाच्या वेळेला भेटा.