दान केलेल्या पारपटलावरील जीवाणू

श्रोतेहो, नमस्कार. उसाचे धारदार पाते डोळ्याला लागून जखम चिघळते आणि पुढे डोळ्यात फूल पडते, हे आपल्या कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांना वेगळे सांगायला नको. अशा अनेकांना नेत्रदानातून मिळालेले पारपटल, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बसवून दृष्टी परत देता येते. मात्र त्या पडद्याबरोबर जीवाणूही रुग्णाच्या डोळ्यात जाऊ शकतात, आणि नेत्रदानाविषयी बोलताना ही बाजू सहसा मांडली जात नाही.

निरोगी माणसाच्या पापण्यांच्या कडांवरही जीवाणू असतातच. मृत्यूनंतर पापण्यांची उघडझाप आणि अश्रूंचे धुणे थांबले की त्यांना रान मोकळे मिळते. म्हणूनच शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे पथक येते आणि पारपटल काढण्यापूर्वी डोळा पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने धुते. तोवर घरच्यांनी पापण्या मिटवून त्यांवर स्वच्छ ओला कापूस ठेवावा आणि पंखा बंद करावा. रक्तात जंतुसंसर्ग पसरून मृत्यू झाला असेल, तर तेही पथकाला मोकळेपणाने सांगावे.

काढलेले पारपटल बहुधा एम. के. नावाच्या गुलाबी द्रवात 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात. त्यात ते सुमारे चार दिवस टिकते. या द्रवात जेंटामायसिन हे प्रतिजैविक असते, पण थंडीत जीवाणू मरत नाहीत, त्यांची वाढ केवळ मंदावते, आणि जेंटामायसिनला आत शिरायला तर जीवाणूची चयापचय क्रिया चालू असावी लागते. म्हणून शस्त्रक्रियेआधी बाटली काही वेळ खोलीच्या तापमानाला ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण औषधाला खरे काम करायला तेवढाच अवधी मिळतो. द्रव पिवळसर किंवा गढूळ झाला असेल, तर ते पारपटल वापरत नाहीत. बुरशीवर मात्र जेंटामायसिनचा काही उपयोग नाही.

मधली चकती रुग्णाला बसवल्यावर उरलेली गोल कड अनेक ठिकाणी प्रयोगशाळेत पाठवतात. तिच्यात जीवाणू सापडले, तरी बहुतेक रुग्णांना संसर्ग होत नाही. पण अहवाल शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांनी येतो. त्यामुळे त्या काळात डोळा लाल झाला, ठणकू लागला किंवा अंधुक दिसू लागले, तर रुग्णाने पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.