खुर्चीला हात न लावता उठता येतं का?

(लालबागमधल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी झालेलं बोलणं, थोडं नीट करून लिहिलेलं)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पण आज सुरुवात माझ्या आईपासून करते, कारण ती नसती तर हा विषय मी बोलायला घेतलाच नसता.

आम्ही इथलेच, इथून पाच मिनिटांवर आमची चाळ होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई दिवसातून कितीदा तो जिना चढायची याचा हिशोब कुणी ठेवला नाही, दूध आणायला, दळणाला, रेशनला आणि कधी नुसतं खालच्या काकूंनी हाक मारली म्हणून. संडास गॅलरीच्या टोकाला, तोही उकिडवं बसायचा. भाजी जमिनीवर बसून विळीवर चिरायची, जेवण जमिनीवर, रात्री गाद्या घालायच्या सकाळी गुंडाळून ठेवायच्या. व्यायाम म्हणून तिने आयुष्यात काही केलं नाही, घरच तिच्याकडून करून घेत होतं. मग चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्हाला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सोफा आला, कमोड आला, डायनिंग टेबल आलं, दुधाची पिशवी दाराच्या कडीला. आणि चारेक वर्षांनी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आई सगळ्या बायकांबरोबर सतरंजीवर बसली आणि तिला उठताच येईना. दोघींनी काखेत हात घालून उठवली तिला. मी दिवसभर लोकांचे गुडघे-कंबरा बघते आणि माझ्याच घरात चार वर्षं काय होत होतं ते मला दिसलं नाही, हे मला आजही लागतं.

टॉवर वाईट असं मी म्हणत नाहीये हं. वरळीच्या बीडीडी चाळीतली माणसं 160 स्क्वेअर फुटांतून 500 स्क्वेअर फुटांत गेली, 2025 च्या ऑगस्टमध्ये पहिल्या 556 घरांच्या चाव्या मिळाल्या, किती पिढ्यांनी वाट बघितली होती त्याची. स्वतःच्या घरात संडास असणं ही साधी गोष्ट नाही. फक्त जुनं घर जे काम गुपचूप करून घ्यायचं ते नवं घर करून घेत नाही, ते आता आपल्याला मुद्दाम करावं लागणार, एवढंच सांगायला मी आलेय.

हे मी मनाने सांगत नाही. 1953 साली लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी बसवाल्यांचा अभ्यास छापला. डबलडेकर बस, एकाच बसवर दोन माणसं, ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर दिवसभर जिना वर-खाली करणारा, रोजच्या 500 ते 750 पायऱ्या. तर कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा आणि कमी गंभीर. आपल्याकडे डबलडेकर 1937 पासून होती, जुन्या डिझेलच्या शेवटच्या गाड्या सप्टेंबर 2023 मध्ये गेल्या, आपल्यातल्या कितीतरी जणांनी तो टिकटिक चिमटा वाजवत जिना चढणारा कंडक्टर बघितलाय. तो काही जिमला जात नव्हता, त्याचं ते कामच होतं.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे दर जानेवारीत आणि दर जूनमध्ये तेच पेशंट येतात, नव्या वर्षाचा संकल्प म्हणून नाहीतर पावसात वॉक बंद झाला म्हणून घरात व्यायाम सुरू केलेले. पहिल्या दिवशी व्हिडिओ लावून चाळीस मिनिटं, उड्या, स्क्वॉट, सगळं. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त दुखतात, कारण ते दुखणं दोन दिवसांनीच जोर धरतं, आणि जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग वाटतं आपल्याला झेपत नाही, आणि सुटतं. अहो झेपत नाही असं नसतं, पहिल्याच दिवशी महिनाभराचं केलेलं असतं.

म्हणून मी सुरुवात इतकी छोटी सांगते की लोकांना वाटतं ह्या बाईला फी द्यायची कशाला. सकाळचा चहा झाला की कप धुवायच्या आधी, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठायचं, पाच वेळा बसायचं. मग ओट्याच्या गॅसपासून लांबच्या टोकाला दोन्ही हात टेकवून, पाय मागे घेऊन, छाती ओट्याकडे न्यायची आणि ढकलून परत यायचं, पाच वेळा. संपलं. तीन मिनिटं होत नाहीत. पहिले तीन आठवडे याच्या वर जायचं नाही, जाववलं तरी नाही, हे मी हात जोडून सांगते. हे तीन आठवडे पायांसाठी आहेतच पण त्याहून जास्त चहा आणि खुर्ची यांची गाठ बसवायला आहेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या लोकांनी 96 जणांवर सवयीचा अभ्यास केला होता, 2009 साली आला तो. सवय अंगात मुरायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला, आणि व्यायामाला खाण्यापिण्याच्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडला नाही. आपण एकवीस दिवस एकवीस दिवस ऐकत आलोय आणि बाविसाव्या दिवशी कंटाळा आला की स्वतःला दोष देतो.

जमिनीवरून उठण्याचं मी इतकं का धरून बसलेय? कारण तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात, दहा वर्षांत साधारण 3 ते 8 टक्के, साठीनंतर जास्तच. वजनकाट्यावर ते दिसत नाही, काटा तोच राहतो, आत स्नायूंच्या जागी चरबी. मांड्या आणि कुल्ले गेले की खुर्ची, संडास, रिक्षा, लोकलची उंच पायरी, सगळं अवघड होतं. पण चांगली गोष्ट अशी की सुरुवातीच्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती स्नायू मोठा व्हायच्या आधीच वाढते, मेंदू आणि नसा त्याच स्नायूला जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात. सत्तरीतही शिकतात, मी रोज बघते.

तीन आठवड्यांनंतर पाचाचे सात, सातांचे दहा. दहा सहज व्हायला लागले की थोडं थांबून पुन्हा दहा. तेही सोपं झालं की बसायची जागा खाली आणायची, खुर्चीऐवजी दिवाण, मग न डगमगणारं बुटकं स्टूल, आणि शेवटी काहीच नाही, म्हणजे आपली तालमीतली बैठकच झाली की ती. हातांचंही तसंच, ज्यांना ओटाही जड जातो त्यांनी भिंत, मग ओटा, मग कॉटची कडा, मग जमीन. ओढायच्या स्नायूंसाठी कापडी पिशवीत दोन किलो तांदूळ घालून कंबरेत वाकून ती पोटाकडे ओढा, वजन वाढवायचं तर एक किलो अजून टाका, डंबेल नकोत. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, एक हात बेसिनजवळ ठेवून. आणि प्रत्येक वेळी अजून दोन-तीन झाले असते असं वाटत असतानाच थांबायचं. उठताना श्वास सोडायचा, श्वास कोंडून जोर लावला की बीपी एकदम चढतं. उड्यांचे प्रकार सकाळी सहाला घरात करू नका, खालच्या मजल्यावरच्यांचाही विचार करा, आणि नवशिक्याच्या गुडघ्यांना त्याची गरज पण नसते.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. आकडा ऐकून घाबरू नका. आधी असं होतं की सलग दहा मिनिटं झाली तरच धरायची, 2020 मध्ये ती अटच काढून टाकली. म्हणजे स्टेशनपर्यंतची भराभर चाल धरा, चौथ्या मजल्यापर्यंतचा जिना धरा, चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये इतका वेग असला की झालं. जे कर्जत-कसाऱ्याहून येतात आणि रात्री दहाला घरी पोचतात त्यांना मी वेगळा तास काढा असं सांगूच शकत नाही, ते अन्यायाचं होईल.

छातीत दुखतं, चालताना दम लागतो, चक्कर येते, इन्सुलिन चालू आहे, नुकतं ऑपरेशन झालंय अशांनी आधी डॉक्टरांना विचारायचंच. मांडी दुखली तर चालेल, सांध्यात सुरी खुपसल्यासारखं झालं तर थांबायचं.

शेवटी काही जणांनी प्रश्न विचारले. एका काकांनी विचारलं गुडघे कटकट वाजतात, मग बैठका करू का. नुसते वाजत असतील, दुखत नसतील आणि सूज नसेल तर करा, आवाज म्हणजे झीज असं नसतं. एका मुलीने विचारलं की ताप येऊन पंधरा दिवस गेले तर. तर जिथे सोडलं होतं त्याच्या निम्म्यापासून धरायचं, दहा करत होतीस तर पाच, आठवड्यात परत दहावर येशील.

आणि मागून एका ताईंनी विचारलं, तुमची आई आता कशी आहे.

आई 74 वर्षांची आहे. दीड वर्ष झालं, चहा झाला की खुर्ची भिंतीला लावते, मला सांगावं लागत नाही. खुर्चीवरून बारा वेळा उठते, हात छातीवर ठेवून. यंदा हळदीकुंकवाला पुन्हा सतरंजीवर बसली, मी मुद्दाम स्वयंपाकघरात थांबले, बघत होते. उठताना आधी एका कुशीवर वळली, एक गुडघा टेकवला, दुसरा पाय पुढे घेतला आणि उठली, पण एक हात कॉटला लावून. तो हात अजून सुटलेला नाही. सध्या आम्ही त्याच्यावर काम करतोय, खुर्चीच्या जागी दिवाण आणलाय.