संशयाचा फायदा

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, ‘न्यायालयीन चित्रपट आणि कॅमेरा’ हा विषय मी आयोजकांना कळवला होता आणि त्याकडे मी येणारच आहे. मात्र त्याआधी मनात फार वर्षे सलणारी एक गोष्ट सांगू द्या.

सिडनी ल्युमेट यांचा १९५७ सालचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ मी प्रथम पाहिला तो विद्यार्थिदशेत, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. खुनाचा आरोप असलेला एक मुलगा दोषी की नाही, हे ठरवायला बारा सामान्य नागरिकांची ज्यूरी, म्हणजे कौल देणारे पंचमंडळ, एका खोलीत चर्चेला बसते, एवढीच त्याची गोष्ट. दिवे मालवण्याआधी प्रास्ताविक करणाऱ्या गृहस्थांनी सांगून टाकले की, शेवटी तो मुलगा निर्दोष असल्याचे सिद्ध होते. शेवट फुटल्याचा राग आलाच. पण त्याहून मोठे नुकसान असे की, ९६ मिनिटे मी खरा खुनी कधी सापडतो याचीच वाट पाहत बसलो. खोलीतल्या टेबलावर पुराव्यातला खटक्याचा चाकू रोवलेला असतो. असा चाकू दुसरा नाही, असे सारे मानून चालले असताना, ‘दोषी नाही’ म्हणणाऱ्या एकट्या सदस्याच्या भूमिकेतले हेन्री फोंडा खिशातून हुबेहूब तसाच चाकू काढून त्याच्या शेजारी रोवतात. मुलाच्या घराजवळच्या दुकानात तो सहा डॉलरला मिळालेला असतो. मला वाटले, आता खुनी सापडणार! वास्तविक त्या दुसऱ्या चाकूने खुनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. ढळते ती फक्त अकरा जणांची खात्री.

निर्दोषत्व या चित्रपटात कुठेही सिद्ध होत नाही. ज्यूरी म्हणते ते एवढेच, की गुन्हा निःसंशय शाबीत झालेला नाही. आपण मात्र बातमीत सरसकट ‘निर्दोष मुक्तता’ लिहितो आणि ‘संशयाचा फायदा’ हे शब्द असे उच्चारतो, जणू आरोपीला काही सवलत मिळाली. वकिली शिकणाऱ्या मुलांनी तरी हा फरक जपावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मुंबईचे उदाहरण घ्या. १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्यात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा ‘दोषी नाही’ हा कौल दिला. न्यायाधीशांना तो अमान्य झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तिथे शिक्षा झाली. पण माझे लक्ष त्या ‘आठ विरुद्ध एक’वर खिळते. आपल्याकडे बहुमताचा कौल चालत असे. चित्रपटातल्या न्यूयॉर्कमध्ये मात्र बाराही जणांचे एकमत आवश्यक आहे. पहिले मतदान अकरा विरुद्ध एक होते. मुंबईचा नियम असता, तर तो मुलगा तिथेच दोषी ठरला असता आणि चाकू खिशातच राहिला असता.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कॅमेऱ्याबद्दल थोडक्यात. छायालेखक बोरिस कॉफमन. पहिल्या तृतीयांशात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर, मग बरोबरीला आणि शेवटी खाली. त्यामुळे अखेरीस छत दिसू लागते. भिंगेही क्रमाने अधिक लांब पल्ल्याची, त्यामुळे भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकल्यासारख्या वाटतात. बाहेर पायऱ्यांवरचे शेवटचे दृश्य मात्र रुंद कोनाच्या भिंगाने टिपलेले आहे, आणि आपण श्वास घेतो.

तुमच्यापैकी जे हा चित्रपट प्रथमच पाहणार आहेत, त्यांनी आरंभीचे एक दृश्य सोडू नये. ज्यूरी उठून आत जाते तेव्हा आरोपी मुलाचा चेहरा काही क्षण पडद्यावर राहतो, आणि तो पुरता विरण्याआधीच त्याच्यावर ती रिकामी खोली उमटू लागते. त्यानंतर तो मुलगा पुन्हा दिसत नाही.